पाच मशीन, एकच हॉटस्पॉट: विंडोज, लिनक्स, जुना मॅक आणि फोनवर पॅकेज मॅनेजर कसा बसवायचा?

सुरंगी
नमस्कार. मी देवगड तालुक्यातल्या एका वाडीतून लिहिते आहे. मिरग लागला, बागेतली कामं संपली, तशी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आठ मुलांना घेऊन बसले. वाडीतल्या बागायतदारांसाठी आंब्याच्या पेट्यांच्या नोंदणीची छोटी वेबसाइट करायची आहे. कोणाकडे किती डझनी पेटी तयार आहे, कोणी मागवली, कधी निघाली, एवढंच. पुढच्या मार्चमध्ये पहिली पेटी निघेल तोवर ती चालू हवी.

जावास्क्रिप्ट मुलांना बऱ्यापैकी येतं. अडलंय ते त्याआधीच. आमच्याकडे विंडोज १० चे दोन लॅपटॉप, उबुंटू १८.०४ चा जुना डेस्कटॉप, मुंबईहून कोणीतरी दिलेला २०१५ चा मॅकबुक एअर आणि एका मुलीकडे फक्त अँड्रॉइड फोन आहे. इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट. दिवसाला दोन जीबी, आणि रेंज सड्याच्या बाजूच्या खिडकीत ठेवला तरच. पाऊस लागला की तीही जाते.

विंडोजचं त्यातल्या त्यात जमलं. नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) संकेतस्थळावरून इन्स्टॉलर घेतला, एनपीएम त्याच्यासोबतच आलं. एनपीएम म्हणजे पॅकेज मॅनेजर, इतरांनी लिहिलेले तयार कोडचे तुकडे (पॅकेजेस) उतरवून बसवणारं साधन. एका पायरीवर 'नेटिव्ह मॉड्यूलसाठी लागणारी साधनं आपोआप बसवा' अशी चौकट येते. ती मी रिकामी ठेवली आणि ते बरं झालं. ती भरली तर पायथन आणि सी++ चे बिल्ड टूल्स असं काही जीबींचं सामान उतरायला लागतं. आम्हाला त्याची गरज नव्हती.

मग पॉवरशेलमध्ये एनपीएम लिहिलं की 'या मशीनवर स्क्रिप्ट चालवणं बंद आहे' असं लाल अक्षरात यायला लागलं. तेच साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चाललं. हे असं का होतं?

खरा प्रश्न उबुंटूचा. यार्न हा दुसरा पॅकेज मॅनेजर वापरून बघावा म्हणून टर्मिनलमध्ये यार्न लिहिलं. कमांड सापडली नाही, पण सीएमडीटेस्ट बसवा म्हणजे मिळेल, असं टर्मिनलनेच सुचवलं. बसवलं. आता यार्न म्हटलं की उत्तर येतं, 'एकही सिनॅरिओ नाही, किमान एक हवा'. दोन संध्याकाळी गेल्या यात.

कमांड मी देवनागरीतच लिहिते आहे. मुलांना फळ्यावरून तशाच वाचून दाखवते, म्हणजे त्यांच्या कानात बसतात. टाइप करताना अर्थात रोमन.

कातळसडा
सुरंगीताई, तुमचं काही चुकलेलं नाही. हा नावाचा घोळ आहे आणि बराच जुना आहे. डेबियन लिनक्सच्या कुटुंबात, म्हणजे उबुंटूतही, सीएमडीटेस्ट नावाचं चाचण्या चालवायचं एक साधन आहे. त्यातल्या एका प्रोग्रॅमचं नावही यार्नच. जावास्क्रिप्टचं यार्न २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आलं, तेव्हा ते नाव तिकडे आधीच घेतलेलं होतं. म्हणून डेबियनमध्ये खऱ्या यार्नच्या पॅकेजला यार्नपीकेजी म्हणतात. 'सिनॅरिओ नाही' हा निरोप त्या दुसऱ्या साधनाचा आहे.

एप्ट हा उबुंटूचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर. एप्ट रिमूव्ह सीएमडीटेस्ट करा, टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. नाहीतर शेलला जुनी वाट आठवत राहते.

पॉवरशेलचं असं आहे की एनपीएमची दोन रूपं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. एक सीएमडी फाइल आणि एक पॉवरशेलची पीएस१ फाइल. पॉवरशेल आधी पीएस१ उचलतं, आणि घरगुती विंडोजवर अशा फाइली चालवायला मुळात परवानगी नसते. सेट-एक्झिक्युशनपॉलिसी रिमोटसाइन्ड, पुढे स्कोप करंटयूजर, असं एकदा करा. म्हणजे फक्त त्या वापरकर्त्यापुरतं खुलं होतं, पूर्ण मशीन नाही. 'अनरिस्ट्रिक्टेड करा' असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, मुलांच्या मशीनवर तर नकोच.

वाडीतला
माका पण ह्याच झाला होता, सीएमडीटेस्ट! पडवेत बसान तीन दिवस घालवलंय. ताई, तुमी विचारलात ता बरा केलात.

सुरंगी
कातळसडा, मनापासून आभार. सीएमडीटेस्ट काढलं, पॉवरशेलही मोकळं झालं.

आता उबुंटूवर एप्टने नोड घेतलं तर फार जुनं आलं. म्हणून एनव्हीएम, म्हणजे नोडची हवी ती आवृत्ती उतरवणारं साधन, घेतलं आणि एनव्हीएम इन्स्टॉल २२ केलं. उतरलं, पण चालवलं की 'जीएलआयबीसी २.२८ सापडलं नाही'. तीसेक एमबी गेले त्याचं दुःख नाही, पण आता कुठे बघायचं तेच समजत नाही.

खाडीपलीकडे
जीएलआयबीसी ही लिनक्सची पायाभूत सी लायब्ररी. जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर उभा असतो. नोडच्या तयार बायनरींना, म्हणजे थेट चालणाऱ्या फाइलींना, आवृत्ती १८ पासून पुढे किमान २.२८ लागते. उबुंटू १८.०४ मध्ये ती २.२७ आहे. एका पायरीने हुकलात.

ती लायब्ररी वेगळी आणून बसवायचे उपाय नेटवर सापडतील. कृपया करू नका. चिऱ्याच्या भिंतीतला खालचा चिरा ओढून काढण्यासारखं आहे ते, आख्खं मशीन बसेल. नोड १६ चालेल, पण त्याची दुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्येच थांबली. लोकांचे पत्ते आणि फोन नंबर ठेवणारी साइट त्यावर उभी करू नये.

सरळ ऑपरेटिंग सिस्टीम बदला. मशीन जुनं असेल तर डेबियन १२ आणि हलका एक्सएफसीई डेस्कटॉप. त्यात ही लायब्ररी २.३६ आहे.

एप्टबद्दलही सांगतो. उबुंटू २२.०४ च्या भांडारात नोड १२ मिळतं, २४.०४ च्या भांडारात १८. सिस्टीम नवी असली तरी भांडारातलं नोड त्या दिवशी गोठलेलं असतं. भांडाराचा हेतू स्थिरता हा आहे, त्यात दोष नाही, पण आपल्या कामाला ते उपयोगी नाही. म्हणून लिनक्स असो की मॅक, नोड आवृत्ती-व्यवस्थापकानेच बसवावं, एनव्हीएम किंवा एफएनएम. ते तुमच्या होम फोल्डरात बसतं, त्यामुळे सुडो, म्हणजे प्रशासकाचा अधिकार, लागत नाही. 'ईॲक्सेस, परवानगी नाही' हा एरर बघून लोक सुडो एनपीएम इन्स्टॉल करतात, मग होममधल्या कॅशेच्या (उतरवलेल्या सामानाचा साठा) फाइली रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, मालकीच्या होऊन बसतात आणि पुढचे सगळे एरर त्यातूनच येतात. मुलांना पहिल्या दिवसापासून सुडोशिवाय शिकवा, ताई.

पागोळी
डेबियनची इमेज आणि त्याच पेनड्राइव्हवर नोडचे लिनक्सचे टारबॉल मी देऊ शकते. मी कणकवलीत आहे, इथे फायबर आहे. बुधवारी आमच्याकडचा एक मुलगा एसटीने देवगडला येतो, त्याच्याजवळ देते. पत्ता निरोपात कळवा.

मॅकबद्दल मात्र आधीच सावध करते, तिथे मीही अडकले होते. २०१५ चा एअर माँटेरीच्या, म्हणजे मॅकओएस १२ च्या पुढे जात नाही. नोड २४ ला मॅकओएस १३.५ लागतं. २२ ला ११ पुरतं. तेव्हा तुमच्या मॅकवर २२ हीच शेवटची.

आणि होमब्रू, म्हणजे मॅकवरचा पॅकेज मॅनेजर, टाळा. एरवी मॅकवर ब्रू इन्स्टॉल नोड हा सर्वांत सोपा रस्ता आहे, मी रोज वापरते. पण होमब्रू मॅकओएसच्या ताज्या आवृत्त्यांसाठीच तयार 'बाटल्या', म्हणजे आधीच बांधलेली पॅकेजेस, ठेवतं. जुन्यावर ते सगळं सोर्समधून बांधायला घेतं. एअर तापेल, तासन् तास जातील आणि हॉटस्पॉटचा डेटाही. सरळ नोडच्या संकेतस्थळावरचा पीकेजी इन्स्टॉलर किंवा एनव्हीएम. एनव्हीएम बसवलं की झेडशेलच्या, म्हणजे मॅकच्या टर्मिनलमधल्या शेलच्या, झेडएसएचआरसी फाइलीत त्याच्या ओळी आल्यात ना ते बघा. ती फाइलच नसेल तर आधी रिकामी बनवा, नाहीतर टर्मिनल उघडल्यावर एनव्हीएम सापडत नाही.

सुरंगी
पागोळी, तुमचे उपकार. पत्ता पाठवला आहे.

मॅकमुळे एक गोष्ट ठरली. सगळ्या मशीनवर नोड २२. त्याला एप्रिल २०२७ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, म्हणजे बहुतेक हंगाम निघेल. एकाच्या मशीनवर चालतं आणि दुसऱ्याच्या नाही, असं झालं की मुलांना वाटतं आपल्यालाच येत नाही. ते मला अजिबात नको आहे.

आता पॅकेज मॅनेजर कुठला, ते सांगा.

खाडीपलीकडे
एनपीएम. ते नोडबरोबर येतं, वेगळं बसवायला नको. २०१० पासून आहे. मुलं उद्या कुठेही नोकरीला गेली तरी त्यांना ते दिसणारच. आठ मुलांच्या छोट्या प्रोजेक्टला आणखी एक साधन कशाला?

कातळसडा
एरवी मी हेच म्हटलं असतं. पण ताईंच्या खोलीत दिवसाला दोन जीबी आहेत, त्यामुळे माझं मत पीएनपीएम या तिसऱ्या पॅकेज मॅनेजरकडे जातं. जरा सविस्तर लिहितो.

एनपीएम प्रत्येक प्रोजेक्टच्या नोड_मॉड्यूल्स फोल्डरात प्रत्येक पॅकेजची स्वतंत्र प्रत टाकतं. उतरवलेलं कॅशेत राहतं, त्यामुळे डेटा वाचतो, पण डिस्क वाचत नाही. मुलं शिकताना दहा दहा प्रोजेक्ट काढतात. पीएनपीएम मशीनवर एकच सामाईक साठा ठेवतं. तिथे प्रत्येक फाइल तिच्या मजकुरावरून काढलेल्या खुणेने एकदाच राहते आणि प्रोजेक्टमध्ये तिची हार्डलिंक, म्हणजे नवी प्रत न करता त्याच फाइलीला दिलेलं दुसरं नाव, येते. अकरावा प्रोजेक्ट जवळजवळ फुकट. तुमचा डेस्कटॉप जुना आहे, त्याला हा फरक जाणवेल.

यार्नचं काय, तर २०१६ मध्ये फेसबुकने ते आणलं तेव्हा एनपीएम खरोखर हळू होतं आणि लॉकफाइल, म्हणजे कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती याची नोंद, आपोआप मिळत नव्हती. यार्नच्या रेट्यामुळे एनपीएमही सुधारलं. आज यार्नची पहिली आवृत्ती गोठलेली आहे. एनपीएमवरून यार्न नाव घेऊन बसवलं तर अजून तीच १.२२ येते, त्यामुळे नवशिक्याला वाटतं आपण नवीनच घेतलं. पुढची यार्न चांगली आहे, पण तिची रचना वेगळी आहे आणि शिकवायला वेळ लागतो.

काहीही घ्या, पण एकच घ्या. पॅकेज-लॉक, यार्न.लॉक आणि पीएनपीएम-लॉक यातली एकच फाइल प्रोजेक्टमध्ये असू दे. दोन लॉकफाइली म्हणजे दोन वेगवेगळी सत्यं.

बसवायचं तर एनपीएम इन्स्टॉल -जी पीएनपीएम@१०. जुन्या लेखांत कोअरपॅक (यार्न, पीएनपीएम आणून देणारं साधन) इनेबल करा असं लिहिलेलं असतं. कोअरपॅक नोड १६.९ पासून सोबत यायचं, २५ पासून काढून टाकलं आहे. तुमच्या २२ मध्ये आहे, पण मुलांना जी सवय पुढे उपयोगी नाही ती लावू नये असं मला वाटतं.

खाडीपलीकडे
डिस्कचा मुद्दा मान्य. पण ऑफलाइनसाठी पीएनपीएमच हवं असं नाही. एका मशीनवर एनपीएमने सगळं उतरवा, एनपीएमचं कॅशे फोल्डर उचला, दुसऱ्या मशीनवर ठेवा आणि एनपीएम सीआय, डॅश डॅश ऑफलाइन करा. लॉकफाइल तीच असेल तर चालतं. कॅशे लिनक्स आणि मॅकवर होममधल्या डॉट-एनपीएम फोल्डरात असतं, विंडोजवर लोकल ॲपडेटामध्ये.

पागोळी
मला पीएनपीएम घ्यावंसं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. ८ सप्टेंबर २०२५ ला चॉक, डीबग अशा पॅकेजेसमध्ये चोरी करणारा कोड घुसला होता. सांभाळणाऱ्याला खोटी ईमेल पाठवून त्याचं खातं मिळवलं होतं. ही पॅकेजेस कोणी मुद्दाम घेत नाही, दुसऱ्याच्या पोटातून येतात. त्याच महिन्यात पॅकेजांमधून स्वतः पसरणारा किडाही आला, तो इन्स्टॉल होतानाच चालायचा.

पीएनपीएम १० मध्ये पॅकेजची इन्स्टॉल-स्क्रिप्ट मुळात बंद असते. ज्याला खरंच लागते त्याला पीएनपीएम अप्रूव्ह-बिल्ड्स करून आपण परवानगी देतो. शिवाय १०.१६ पासून 'मिनिमम रिलीज एज' ही सेटिंग आहे. तिथे १४४० मिनिटं लिहिलं की एक दिवस जुनी न झालेली आवृत्ती ते घेतच नाही. घातक आवृत्त्या बहुतेक वेळा काही तासांत पकडल्या जातात, त्यामुळे हा एक दिवस फार मोलाचा आहे. मुलांच्या मशीनवर घरच्यांचे बँकेचे व्यवहारही होतात हो.

सुरंगी
हे वाचून पीएनपीएम पक्कं केलं. खाडीपलीकडे, तुमचं म्हणणं पटत नाही असं नाही, पण बँकेच्या मुद्द्याने माझा निर्णय झाला.

माडाखाली
मी बाईंच्या वर्गातलीच. फोन माझाच. माझ्याकडे टर्मक्स हे फोनवरचं टर्मिनल आहे, एफ-ड्रॉइड या ॲपच्या भांडारातून घेतलेलं. पीकेजी इन्स्टॉल नोडजेएस-एलटीएस केलं तर नोड आलं. पण प्रोजेक्ट फोनच्या डाउनलोड फोल्डरात ठेवला आणि एनपीएम इन्स्टॉल केलं तर सिमलिंकची परवानगी नाही म्हणून थांबलं. घरी कॉम्प्युटर नाही, मला पण येऊ दे असं वाटतं.

कातळसडा
येणारच. फोनची सामाईक जागा, म्हणजे डाउनलोड, कॅमेरा वगैरे, तिथे सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे नेणारी खूण, बनतच नाही. प्रोजेक्ट टर्मक्सच्या होममध्ये ठेव. टर्मिनल उघडल्यावर जिथे असतेस तेच होम. आणि अँड्रॉइड साध्या ॲपला हार्डलिंकही करू देत नाही, म्हणून पीएनपीएमच्या सेटिंगमध्ये पॅकेज-इम्पोर्ट-मेथडला कॉपी लिही. जागा थोडी जास्त लागेल, बाकी सगळं तसंच.

माडाखाली
चाललं!! होममध्ये ठेवल्यावर लगेच चाललं. धन्यवाद दादा.

सुरंगी
दहा दिवसांनी लिहिते आहे. मध्ये वीज पडून राउटर गेला शेजाऱ्यांचा, दोन दिवस लाइट नव्हती.

पेनड्राइव्ह मिळाला. डेबियन बसलं, मॅकवर २२ बसलं. नंतर मी एक गोष्ट केली ती नोंदवते, कोणाच्या तरी कामी येईल. पहाटे रेंज बरी असते. तेव्हा डेबियनवर एकदाच सगळी पॅकेजेस उतरवली. पीएनपीएम स्टोअर पाथ म्हटलं की साठा कुठे आहे ते कळतं. ते फोल्डर पेनड्राइव्हवर टाकायला घेतलं तर हजारो बारीक फाइली, तासभर झाला तरी संपेना. म्हणून टार या कमांडने सगळ्यांची मिळून एकच फाइल केली. ती पाच मिनिटांत गेली. विंडोज १० मध्येही टार कमांड आहे, त्यामुळे तिकडे उलगडायलाही वेगळं काही लागलं नाही.

विंडोजवर साठा त्याच्या जागी ठेवला, प्रोजेक्ट ठेवला, पीएनपीएम इन्स्टॉल, फ्रोझन-लॉकफाइल आणि ऑफलाइन. झालं म्हणाला. पण साइट चालू केली की ईएसबिल्डचा एरर. डेबियनवर हाच प्रोजेक्ट चालतो. इथेच का नाही?

कातळसडा
ईएसबिल्ड हा जावास्क्रिप्टमधला नाही, गो भाषेतून तयार केलेला प्रोग्रॅम आहे. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी त्याचा वेगळा तुकडा असतो आणि मॅनेजर फक्त चालू मशीनचा तुकडा उतरवतो. तुमच्या साठ्यात लिनक्सचा आहे, विंडोजचा नाही. असे तुकडे ऐच्छिक म्हणून नोंदलेले असतात, त्यामुळे न मिळाल्यावर इन्स्टॉल ओरडत नाही. चालवताना कळतं.

पीएनपीएम-वर्कस्पेस.यॅमल फाइलीत 'सपोर्टेड आर्किटेक्चर्स' लिहा. ओएसमध्ये लिनक्स, विन३२, डार्विन आणि अँड्रॉइड. विंडोज ६४-बिट असलं तरी नाव विन३२ च, आणि डार्विन म्हणजे मॅक. सीपीयूमध्ये एक्स६४ आणि फोनसाठी एआरएम६४. मग डेबियनवर पुन्हा इन्स्टॉल करा. सगळ्यांचे तुकडे एकाच साठ्यात येतील. पीएनपीएमची आवृत्तीही सगळीकडे तीच ठेवा, साठ्याची मांडणी मोठ्या आवृत्तीनुसार बदलते. पॅकेज.जेसनमध्ये पॅकेजमॅनेजर या नावाखाली नेमका आकडा लिहून ठेवलात की भानगड नको.

खाडीपलीकडे
आणि विंडोजवर प्रोजेक्ट डेस्कटॉपवर ठेवलाय का? बऱ्याच लॅपटॉपवर ते फोल्डर आपोआप क्लाउडवर चढत असतं. नोड_मॉड्यूल्सच्या हजारो फाइली वर जायला लागल्या तर तुमचे दोन जीबी दुपारीच संपतील. सी ड्राइव्हवर कोड नावाचं साधं फोल्डर करा, नावात मोकळी जागा नको.

सुरंगी
डेस्कटॉपवरच होता. आमचा डेटा रोज तीनला का संपायचा ते आज समजलं. हलवला.

यॅमलमध्ये चारही नावं घातली, पहाटे पाचला पुन्हा उतरवलं, टार, पेनड्राइव्ह. दोन्ही विंडोज लॅपटॉप चालू. मॅक चालू. फोनवर ओटीजीने टार दिली आहे.

वाडीतला
ताई, ती टारची फाइल माका पण व्हयी. आमच्या शाळेत सहा मशीनी असत, रेंजचा नावच नको. रविवारी येव काय?

सुरंगी
या की. सकाळी नऊनंतर वाचनालय उघडं असतं. पेनड्राइव्ह एक्सफॅट केलेला आणा, फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. आमची अजून तेवढी नाही, पण नोडचे सगळे इन्स्टॉलरही त्यातच देते.

माडाखाली
बाई, काल रात्री आजीकडे होते, तिकडे अजिबात रेंज नाही. ऑफलाइन इन्स्टॉल झालं आणि साइट फोनवर उघडली. आजीने स्वतःच्या नावाची पहिली पेटी नोंदवली, दोन डझनी. काढून टाकू की राहू दे?

सुरंगी
राहू दे.